लंकेची झडती

सन दोन हजार तीन. मी अठ्ठावन वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही निंदणाच्या आणि वेचणीच्या दिवसांत बुडवून. पण झडती जोडण्यात घाटंजी तालुक्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

ज्याला आमच्याकडचा पोळा माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी गावातले सगळे बैल सजवून आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेत उभे करतात. तोरण तुटायच्या आधी झडत्या होतात. झडती म्हणजे यमक जुळवलेले चार बोल, छाती फुगवून, ओरडून म्हणायचे. त्यात सरपंचाची टर असते, सरकारची असते, घरच्या कारभारणीचीही असते. बोल संपले की सगळं गाव ‘हर हर महादेव’ करतं. गावानं जोरात केलं तर झडती पास. गाव गप्प राहिलं तर म्हणणाऱ्यानं काय ते समजावं. पहिली झडती आमच्या घरची, बापाच्या वेळेपासून. मी शाळेत नापास झालो, तोरणाखाली कधी झालो नव्हतो.

त्या वर्षी पोळ्याच्या आठ दिवस आधी पानठेल्यावर इराकची गोष्ट निघाली. अमेरिकेनं तिथं लढाई करून राज्य उलथवलं होतं आणि आता ते सांभाळायला आपल्या फौजेचे जवान मागत होती. आपल्या सरकारनं त्या पावसाळ्यात नाही म्हटलं होतं, पण मागणं थांबलं नव्हतं आणि ठेल्यावरचं बोलणंही. ठेल्यावर रोज एक रिटायर बाबू येऊन पेपर वाचत. सगळा जन्म कचेरीत गेलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

“पाठवावीच फौज,” बाबू म्हणाले. “एवढा मोठा आपला देश. घरात बसून राहिलं तर दुनियेत वट कशी राहील?”

पानठेलेवाला चुना लावता लावता म्हणाला, “वट तुमची बाबूजी, अन जाईन कोनाचं पोट्टं? तुमचा तं पुन्याले कंप्युटरवर बसला हाय.”

सगळे हसले. बाबू नाही हसले. बाजूला एक तरुण कपाशीवाला उभा होता, तो म्हणाला, “डॉलरमंदी पगार भेटते म्हंतात. इथं कपाशी काय देऊन राह्यली? भरतीच्या लाइनीत धक्के खाण्यापरीस एकदम इराकले गेलेलं बरं.”

“अन मेला म्हंजे?”

“इथं कोन्ता जगून राह्यलो?”

यावर कोणी हसलं नाही. त्या वर्षांत असल्या बोलण्यावर आमच्याकडे हसत नसत.

मी सुपारी चघळत ऐकत होतो. माझ्या मनात आलं की याच ठेल्यासमोर, सत्याऐंशी साली, फौज लंकेला गेली तेव्हा, हा ‘मेला म्हंजे’ कोणी विचारला नव्हता. तेव्हा एकच मत होतं सगळ्यांचं. कारगिलच्या वेळीही एकच होतं, पण ती गोष्ट वेगळी. घरात शिरलेल्याला हाकलायचं, त्यात दोन मतं कायची? इराकबद्दल मात्र एका ठेल्यावर चार माणसं अन पाच मतं. मला ते नवीन होतं.

बाबूंनी पेपर घडी घालून माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही जोडा यंदा एक इराकची. लंकेची जोडली होती ना, तशी दणदणीत. मी लाऊडस्पीकर आणवतो.”

खोटं कशाला बोलू, मी फुगलो. सोळा वर्षांपूर्वीची माझी झडती बाबूंसारख्या शिकलेल्या माणसाच्या ध्यानात होती.

त्या झडतीचं सांगतो. सत्याऐंशीच्या पावसाळ्यात आपली फौज समुद्र ओलांडून लंकेला गेली, तिथलं भांडण थांबवायला. आमच्या गावचा एक पोरगा त्या फौजेत होता. माझ्या दोस्ताचा. त्याचं अन माझं वावर धुऱ्याला धुरा लागून, म्हणजे मधे फक्त बांध. पोरगा फौजेत गेला तेव्हा मीच त्याला खांद्यावर घेऊन एसटीपर्यंत नाचलो होतो. पोळा आला आणि मी म्हटलं:

दर्याचं पानी हटलं, आभाळ सारं फाटलं,
आमच्या गावचं पोट्टं लंकेत जाऊन डटलं!
मारुतीनं एकदा जाळली, हा जाळीन दुबार,
सोन्याची वीट घेऊन येईन आमचा शिलेदार!

असा महादेव झाला त्या दिवशी की दोन बैल दावं तोडून पळाले. दोस्तानं मला उचलून घेतलं. त्याची बायको भिंतीजवळ बायकांत उभी होती, तिनं तिथूनच माझी दृष्ट काढत कानशिलावर बोटं मोडली. आम्हाला लंका एकच ठाऊक होती, रामाच्या गोष्टीतली. त्या पोराला सरकारनं शांतता राखायला पाठवलं होतं, आणि मी त्याला जाळायला पाठवलं.

वेचणीच्या दिवसांत तो गेल्याची तार आली. देह आला नाही. मागून अस्थींचा कलश आला, लाल कापडात बांधलेला.

ज्या घरी दुःख झालं त्या घरचे बैल वर्षभराच्या पोळ्याला तोरणात येत नाहीत. त्यामुळे अठ्ठ्याऐंशीला दोस्ताचे बैल गोठ्यातच होते. मी तोरणाखाली उभा राहिलो आणि गाव ओरडलं, “लंकेची! लंकेची!” मी म्हटली. एक अक्षर बदललं नाही. मला वाटलं, पोराचं नाव राहते. त्यांचं घर तोरणापासून चाळीस पावलांवर. ऐकू न जायला काही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोस्त धुऱ्यावर भेटला. म्हणाला, “काहून बे, माह्या पोराले वीट मागतली का तू?”

माझं चुकलं एवढं म्हणालो असतो तर तिथंच संपलं असतं. मी म्हणालो, “गावानं म्हन म्हटलं, मी म्हटली. आइकाची नव्हती तं कानात कापसाचे बोये घालाचे होते.”

तो वखर उचलून वावराच्या पलीकडच्या टोकाला गेला.

आता रीत अशी की दुःखाचं वर्ष सरलं म्हणजे पुढच्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्या घरी जाऊन बैलांना आवतन द्यायचं, म्हणजे बोलावणं करायचं. बोलावल्याशिवाय त्या घरचे बैल आपणहून येत नाहीत. आणि आमच्या गावात आवतन देण्याचा मान पहिल्या झडतीवाल्याचा. म्हणजे माझा. मी एकोणनव्वदला गेलो नाही. म्हटलं, तो धुऱ्यावर तोंड फिरवते, मी कायले जाऊ? नव्वदला गेलो नाही. गावाला वाटे, ज्याचं काम त्यानं करावं, आपण मधे कायले पडायचं. अशी चौदा वर्षं गेली. मधे दोस्तच गेला. मी त्याच्या मातीला गेलो, पण मागे उभा राहिलो.

नव्वदला फौज लंकेतून परत आली. कळंबच्या बाजूचा एक जवान मला एसटीत भेटला होता. तो म्हणाला, “काका, आम्हाले दोन्हीकडच्यायनं शिव्या देल्ल्या. येताना कोनी हात हलवाले नव्हतं.” मग हळूहळू गावही लंकेची झडती मागेनासं झालं. कोणी म्हटलं नाही की ती चुकली. फक्त मागणं बंद झालं. मी ती माझ्या चांगल्या झडत्यांत मोजत राहिलो.

इराकची जोडायला मी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बसलो. बसलो म्हणजे बैलांचे खांदे मळत होतो. त्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळतात आणि त्यांच्या कानात सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. हात चालला की माझं यमक चालतं. तीन ओळी सरळ आल्या. वाळूचं मैदान आलं, उंट आला, गोळी आली. चौथ्या ओळीत पोट्टं घरी काय घेऊन येते तिथं मी म्हणालो, ‘तेलाचा डबा घेऊन येईन’.

आणि माझा हात बैलाच्या खांद्यावर थांबला.

सोन्याची वीट काढून मी तिथं तेलाचा डबा ठेवला होता, बस. बाकी सगळी झडती तीच होती. शिलेदारही तोच. कोणाचं पोट्टं ते फक्त अजून ठरायचं होतं. पानठेल्यावरचा तो कपाशीवाला माझ्या डोळ्यांपुढे आला.

मी हात न धुताच निघालो. घरची म्हणाली, “कुठी?” मी म्हणालो, “आवतन द्याले.” ती दारापर्यंत आली.

दोस्ताची बायको अंगणात होती. माणूस गेल्यावर वावर तीच पाहत होती, एक सालदार, म्हणजे वर्षाचा गडी, ठेवून. पण खांदे मळायला सालदाराला हात लावू देत नसे. दिवस मावळायचा होता. मी फाटकापाशी उभा राहिलो.

“कोन हाय?”

“मी.”

“मी म्हंजे कोन? या घरात मी म्हननारा बाप्या कोनी राह्यला नाही.” मग तिनं मान वळवली. “भाऊजी का? रस्ता चुकले वाट्टे.”

“चुकलो नाही वहिनी. आवतन द्याले आलो.”

ती बैलाच्या खांद्यावर हात चालवतच राहिली. “चौदा वर्सानं? दोन जोड्या बदलल्या तवापासून. याहीले तं तोरन कसं असते तेही मालूम नाही. भेवतीन बिचारे.”

मी खरं ते सांगितलं. “बाबू इराकची झडती म्हन म्हंते. जोडून राह्यलतो. तेलाच्या डब्यापाशी अडलो.”

“कोन्ता डबा?”

मी तीन ओळी म्हणून दाखवल्या, हळू आवाजात, आणि चौथीही. तिचा हात थांबला.

“माह्या पोराले वीट मागतली,” ती म्हणाली, “आता दुसरीच्या पोराले डबा मागता.”

“म्हनूनच आलो. उद्या तोरनाखाली लंकेची वापस घेतो.”

“कशी घेसान? तोंडातल्या तोंडात?”

“लाऊडस्पीकर हाय.”

ती हसली की काय मला कळलं नाही. नाकातून आवाज आला एवढं खरं. “पडसान भाऊजी. गाव महादेव नाही करनार तुमचा.”

“न करो.”

“मोठे आले न करोवाले. तुमच्या दोस्ताले धुऱ्यावर काय बोलले ते ध्यानात हाय का?”

“हाय.”

“मलेबी हाय.” तिनं हात फडक्याला पुसला. “अन इथं वापस घेतली म्हंजे झालं का? माह्या माहेरी, मुकुटबनकडं, तान्ह्या पोयाले लेकरं लाकडाचे बैल घेऊन तीच म्हंतात. वीटवाली. भावाच्या नातवानं मले म्हनून दाखवली, माह्या मांडीवर बसून. त्याले काय ठाऊक कोनाची हाय ते. तवापासून मी पोयाले माहेरी गेली नाही. तिथली कोन वापस घेईन?”

हे मला माहीत नव्हतं. झडती गावाबाहेर गेली की मी खूश व्हायचो. कुठंकुठं गेली ते विचारलं नव्हतं.

“माह्या पोराचं नाव मातर घेऊ नका उद्या,” ती म्हणाली. “लोकायले रडवाचं काम नाही तुमचं. तुमचं काय चुकलं तेवढं म्हना.”

“अन बैल?”

“बैलायचं मी उद्या पाहीन.”

पोळ्याच्या दिवशी बाबूंनी खरंच लाऊडस्पीकर आणवला. रांग लागली, तोरण बांधलं, ढोल थांबला. बाबूंनी मायकात सांगितलं की आता गावचे जुने झडतीकार इराकच्या मोहिमेवर झडती सादर करतील. मी वहिनीच्या गल्लीकडे पाहिलं. गल्ली रिकामी होती. मी म्हटलं, नसतील येत तर नसोत, आवतन मी दिलं आहे, शब्दही मीच दिला आहे. मायक हातात घेतला आणि छाती फुगवून, नेहमीच्या आवाजात म्हणालो:

लंकेमंदी सोनं नव्हतं, माती होती तिथली,
मीच म्हटली होती झडती, मीच वापस घेतली!
वीट काही आली नाही, आलं राखेचं मडकं,
ज्याच्या घरचं जात नाही त्याचंच रगत भडकं!
इराकचा तेलडबा ज्याले पाह्यजे त्यानं जावं,
दुसऱ्याच्या लेकराले पोयात कायले गावं?

झाडावरचे बगळे ऐकू येत होते, एवढं गाव गप्प झालं. बाबूंनी मायक काढून घेतला नाही, पण हात पुढे करून ठेवला. मागून कोणीतरी म्हणालं, “बुढा खसकला का बावा?” दुसरा म्हणाला, “फौजेची बदनामी करते हा.”

त्याला मी मायकातच जवाब दिला. “फौजेची नाही, माही बदनामी करून राह्यलो. फौज गेली तिथं जाले सांगतलं म्हनून. मी घरी बसून जाळ म्हटलं.”

पानठेलेवाल्यानं एकट्यानं ‘हर हर महादेव’ केलं. त्याचा आवाज बारीक, पान खाल्लेला. भिंतीजवळून चार-दोन बायकांनी केलं. तो कपाशीवाला तरुण खाली पाहत होता. त्यानं केलं नाही, हसलाही नाही. एवढंच. आमच्या गावच्या कायद्यानं मी नापास झालो होतो, आणि तेही लाऊडस्पीकरवर.

मी मायक देऊन रांगेकडे वळलो तर वहिनी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. एका बैलाचं दावं तिच्या हातात, दुसऱ्याचं सालदाराच्या. शिंगांना बेगड लावलेली, पाठीवर झूल. कधीपासून उभी होती कोण जाणे. ती मोजून पावलं टाकत आली आणि रांगेच्या शेवटी थांबली. आमच्याकडे बायका तोरणात बैल आणत नाहीत. शेवटच्या माणसानं आपली जोडी थोडी पुढे घेतली, जागा केली. तिच्या बैलांना ढोलाची सवय नव्हती. एक सारखा मागे ओढत होता आणि ती दोन्ही हातांनी त्याला धरून उभी होती, पदर दातात धरून. तोरण तुटलं, बैल निघाले. माझ्या बाजूनं जाताना ती न थांबता म्हणाली, “मुकुटबनची गाडी पांढरकवड्यावरून नऊले हाय.”

घरी आल्यावर घरचीनं सगळं ऐकलेलं होतं. पुरणपोळी वाढत म्हणाली, “आता या वयात गावोगाव नापास होत फिरसान का?”

“फिरीन.”

“मंग दोन पोळ्या जास्तीच्या करून ठेवतो. रिकाम्या पोटी नापास होऊ नका.”

बाबूंनी त्यानंतर सहा महिने माझ्याशी बोलणं टाकलं. मीही त्यांच्याकडे गेलो नाही. तो स्वभाव काही एका पोळ्यात बदलत नाही. पण ते पुढचं.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लेकरांचा. सकाळी लोक दारातले पळसाचे डगाळे, म्हणजे फांद्या, काढून ‘ईडा पीडा घेऊन जा’ ओरडत गावाबाहेर टाकायला निघाले, तेव्हा मी पोळ्या फडक्यात बांधून पहिल्या एसटीत बसलो होतो. पांढरकवड्याला गाडी बदलली. मुकुटबनच्या अलीकडे उतरून वहिनीच्या माहेरच्या गावात पायी गेलो. पहिला जो माणूस दिसला त्याला विचारलं, तान्ह्या पोळ्याच्या झडत्या लेकरांना इथं कोण शिकवते? त्यानं देवळामागचं घर दाखवलं. घरवाला ओट्यावर बसून लाकडी बैलाचं चाक ठोकत होता. मी त्याला राम राम केला आणि सांगितलं, “तुमच्याइथं सोन्याच्या विटेची झडती म्हंतात, ते माही हाय. ते चुकली. नवी आनली. लेकरायले आजच शिकवा लागते.”

तो मग हातोडी बाजूला ठेवून म्हणाला, “बसा. लिहून घेतो.” तो आत पेन शोधायला गेला. तो आतच होता, तोवर मी ओट्यावर बसलो आणि मोठ्यानं पहिली ओळ सांगितली.